माईंचे आठ सूर

मास्तर एका गालाला साबण फासून बाथरूमच्या बाहेर उभे होते आणि माई चेलो घेऊन आत बसल्या होत्या.

हा घोटाळा फोनमुळे झाला. मास्तरांचा उजवा गाल तुळतुळीत झाला होता, डाव्या गालावर फेस चढला होता, तेवढ्यात फोन वाजला. सभागृहाच्या व्यवस्थापकाला संध्याकाळच्या खुर्च्यांबद्दल काही विचारायचं होतं. मास्तरांनी त्याला खुर्च्यांबद्दल, पडद्याबद्दल आणि एकूणच शिस्तीबद्दल चार शब्द सुनावले आणि विजयी मुद्रेने परत आले, तर दाराला आतून कडी. घर दुमजली. वर संगीताचे वर्ग, खाली कुटुंब, आणि दोन्ही मजल्यांत मिळून बाथरूम एकच. आज वर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता, म्हणजे घरातल्या पाचही जणांना आवरून ऊन उतरायच्या आत निघायचं होतं.

"अगं, किती वेळ?" मास्तरांनी विचारलं.

"मला वेळ लागेल," आतून माई म्हणाल्या.

"म्हणजे किती?"

"कार्यक्रम संपेपर्यंत."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्गातली पोरं ताठ बसायची, पोरांचे बापही ताठ बसायचे. असा हा माणूस जगात एकाच व्यक्तीला घाबरायचा, आणि ती व्यक्ती सध्या बाथरूममध्ये होती. त्यांनी हळूच विचारलं, "पण चेलो कशाला नेलास आत?"

"बाहेर ठेवला तर कुणीतरी वाजवायला सांगेल."

मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि कुणाकडेही न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माई येत नाही म्हणते."

घरात एकच पळापळ झाली. कार्यक्रमाचा शेवटचा तुकडा घरच्यांनी मिळून वाजवायचा, ही या वर्गाची जुनी रीत. मास्तर व्हायोलिन, त्यांची धाकटी बहीण म्हणजे आत्या बासरी, चिरंजीव पियानो, आणि लग्न होऊन आल्यापासून सूनबाई चेलो, म्हणजे व्हायोलिनचाच थोरला, भारदस्त भाऊ. माईंचं काम पियानोवरच्या स्वरलिपीची पानं उलटायचं. "मी या घरातली बहिरी," असं त्या पाहुण्यांना स्वतःच आधी सांगून टाकायच्या. पाहुणे हसायचे, घरचे हसायचे, माईही हसायच्या. पण सूनबाईच्या लग्नात ट्रकमधून चेलो उतरताना "एवढं मोठं ठेवायचं कुठे?" म्हणणाऱ्या याच माई एक दिवस मागच्या खोलीत त्याच्या तारेला बोट लावताना सापडल्या, आणि त्या दिवसापासून सूनबाई त्यांना दार लावून शिकवत होती. आज सूनबाई दुसरं व्हायोलिन घेणार आणि चेलो माई वाजवणार, असं ठरलं होतं.

माईंच्या वाट्याला सूर आठच होते. एकामागून एक, संथ, आणि आठ संपले की परत पहिल्यापासून. बाकीच्यांनी वर हव्या तेवढ्या कोलांट्या माराव्यात, खाली माईंनी आपले आठ सांभाळावेत; सगळा तुकडा त्या आठांवर उभा होता. माईंना ते झोपेतही यायचे. सकाळच्या तालमीत मात्र त्यांचा पाचवा सूर भलतीकडेच पडला होता.

सगळ्यात आधी दाराशी आत्या पोचली. आत्या वर्गातल्या चिमुरड्यांना शिकवायची, आणि तिच्याजवळ औषध एकच होतं, कौतुक. पोरगं चांगलं वाजवू दे, वाहवा. रडत वाजवू दे, वाहवा. एकदा एकाने बासरी उलटी धरली, तेव्हाही "काय वेगळा विचार आहे!" म्हणून तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

"वहिनी," ती दाराला गाल लावून म्हणाली, "अहो, काय सुंदर वाजवता तुम्ही! सकाळी तर मी अगदी हरवून गेले."

"वन्सं, सकाळी मी चुकले."

"पण किती गोड चूक होती ती!"

"काल तुम्ही चहाच्या किटलीच्या शिट्टीलाही वाहवा म्हणालात."

"ती खरंच सुरात होती हो."

"मग बघा. किटली सुरात होती, मी नव्हते."

इतकी वर्षं दोन्ही हातांनी वाटलेलं कौतुक आज कुणी फुकटातसुद्धा घेईना, याचं आत्याला खरोखर वाईट वाटलं. ती डोळे पुसत बाजूला झाली आणि तिच्या जागी चिरंजीव आले.

चिरंजीव मोठ्या मुलांना पियानो शिकवायचे आणि आत्मविश्वासावरची पुस्तकं वाचायचे. घरात कुणाला शिंक आली तरी ते त्याला मनाशी जोडून दाखवायचे.

"माई, आधी डोळे मीट. मिटलेस?"

"अंधारच आहे आत. दिव्याचं बटण बाहेर आहे आणि तू त्यावर कोपर टेकलायस."

चिरंजीवांनी दिवा लावला. "बरं. आता अशी कल्पना कर, की सभागृहात कुणीच नाही."

"कुणी नाही तर मी कशाला येऊ?"

"नाही, म्हणजे लोक आहेत. पण ते सगळे भोपळे आहेत असं समज."

"भोपळ्यांसाठी तुझे बाबा त्या माणसाशी खुर्च्यांवरून भांडले?"

"माई, मुद्दा असा आहे की तू स्वतःवर विश्वास ठेवायला हवास."

"ठेवलाय की. मला येत नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. चिरंजीव मान हलवत मागे फिरले, तर मागे मास्तर उभे. डाव्या गालावरचा साबण सुकून त्याचे पापुद्रे निघायला लागले होते. मास्तरांनी आवाज होईल तेवढा मऊ केला.

"हे बघ, चुकलीस तर चुकलीस. कुणाला कळणारसुद्धा नाही."

आतून बादली आदळल्याचा आवाज आला. आपण काहीतरी भयंकर बोललोय एवढं मास्तरांना कळलं, काय भयंकर ते कळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा "खरंच, अजिबात कळणार नाही," असं म्हणून ते पक्कं केलं.

मग स्वयंपाकघरात खलबत बसलं. आत्या आणि चिरंजीव यांचं एरवी एका कपबशीवरून जमायचं नाही, पण आज त्यांची चटकन युती झाली.

"मी तेव्हाच म्हणाले होते," आत्या म्हणाली. ती तेव्हा "वाहवा" म्हणाली होती, पण ते असो. "वहिनी सुखाने पानं उलटत होत्या. या वयात त्यांना हा ताप कशाला?"

"आत्याचं बरोबर आहे," चिरंजीव बायकोची नजर टाळत म्हणाले. "आज चेलो तूच घे. माई पानं उलटेल. तिच्या मनावरचा ताण जाईल."

सूनबाईने मास्तरांकडे पाहिलं. तिला वाटलं, निदान बाबा तरी काही बोलतील. मास्तर गालाचा एक पापुद्रा काढत म्हणाले, "तिला त्रास होत असेल तर राहू दे."

झालं, तिघं एकीकडे आणि सूनबाई एकीकडे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण संताप आला की सूनबाई बोलायची नाही, कामाला लागायची. ती उठली आणि बाथरूमच्या दारासमोर सरळ फरशीवर फतकल मारून बसली.

"माई, मी आहे. एकटीच."

"तूही वाहवा म्हणणार आहेस का?"

"नाही. मी म्हणत होते, आठाचे चार करू या का? सोपं जाईल तुम्हाला."

"चार?" आतून माईंचा आवाज कापरा झाला. "म्हणजे आठ मला झेपत नाहीत, हे तुलाही पटलंय."

सूनबाईने कपाळाला हात लावला. समजूत काढायला येऊन तिने स्वतःच आणखी एक धोंडा टाकला होता. मग आतून स्टूल सरकवल्यासारखा आवाज आला आणि माईंचा आवाज दाराच्या अगदी जवळून यायला लागला.

"ऐक. कुणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही."

"वर्गात पोरगं चुकलं की तुझे बाबा काय करतात?"

"थांबवतात."

हे सांगायलाच नको होतं. मास्तरांची सगळी विद्या त्या थांबवण्यात होती. सूर जरा ढळला की त्यांचा व्हायोलिनचा गज तारेवरून वर जायचा, सगळं बंद, मग कुठला सूर, का ढळला, आणि परत पहिल्यापासून. एका मुलीला त्यांनी एका सुरावर अख्खी दुपार अडवून धरलं होतं. आज ती मोठमोठ्या वाद्यवृंदांत वाजवते आणि मास्तरांना भेटायला येते तेव्हा दारातच घाबरते.

"आणि ज्याला ते थांबवत नाहीत?" माईंनी विचारलं.

तेही दोघींना ठाऊक होतं. ज्याच्याकडून काही होणार नाही अशी मास्तरांची खात्री पटायची, त्याच्या चुका ते जाऊ द्यायचे. "छान, छान," म्हणायचे. आणि थोड्याच दिवसांत त्याच्या आईवडिलांना बोलावून, मुलाला पोहायला घाला, असं सुचवायचे. मास्तरांच्या कृपेने गावात पोहणारे फार चांगले निपजले होते.

"सकाळी माझा पाचवा सूर चुकला," माई म्हणाल्या. "थोडाथोडका नाही, ढळढळीत चुकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता गज वर जाणार. मी तयार होते गं. पण ते तसेच पुढे वाजवत राहिले. आणि संपल्यावर म्हणाले, 'छान.'" आतून नाक ओढल्याचा आवाज आला. "मला आता पोहायला पाठवतील."

सूनबाईला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं. मग तिला वाटलं, आता काही गोड बोलण्यात अर्थ नाही. खोट्याचा वास या बाईला दाराआडूनही येतो.

"माई, तुमचा पाचवा सूर चुकतोच," ती म्हणाली. "बोट घाईने टाकता. चौथा चांगला लागला की तुम्हाला आनंद होतो, आणि त्या आनंदात पाचवा बिघडतो."

ती दाराला आणखी टेकून बसली.

"आणि तो तुमच्याकडून नीट करून घेणं हे माझं काम होतं. मला ते जमलं नाही. वाजवायला मला येतं माई, पण शिकवायला मी तुमच्यावरच शिकतेय. तुम्ही माझ्या पहिल्या विद्यार्थिनी. आज तुम्ही आला नाहीत तर घरात सगळे म्हणतील, हिला शिकवता येत नाही. आणि मलाही ते खरं वाटेल."

"तुलाही असं वाटतं? तुला?"

"रोज वाटतं. तुम्ही मागच्या खोलीत यायच्या आधी मी दोनदा पाणी पिते."

कडी निघाली. दारात माई उभ्या होत्या, एका हाताने चेलोची मान धरून. डोळे लाल झाले होते, नाकही.

"तुझ्यासाठी येते," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस. तुझं नाक कापलं जाऊ नये म्हणून. पण उद्यापासून तुझा चेलो तुला लखलाभ, मी त्याला हात लावणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचीसुद्धा मला सोय नाही. अंगण सरळच आहे, मीच वाकडी. मी आपली पानं उलटीन."

सूनबाईने चेलो हातात घेतला. माई बाहेर आल्या म्हणून तिला बरं वाटलं नाही. उलट ती धास्तावली, कारण माईंनी हे सगळं अगदी शांतपणे सांगितलं होतं, आणि माई शांतपणे सांगत त्या गोष्टी त्या कायमच्या करत.

तेवढ्यात आत्या टॉवेल घेऊन दोघींच्या मधून बाथरूममध्ये घुसली. तिच्यामागून चिरंजीवांनी नंबर लावला. मास्तरांना उरलेली दाढी स्वयंपाकघरात, पातेल्याच्या झाकणात बघून करावी लागली, आणि झाकणात माणसाची हनुवटी असते त्यापेक्षा लांब दिसते हे त्यांना उशिरा कळलं.

माई आज येतायत आणि उद्यापासून सोडतायत, एवढं सूनबाईने सगळ्यांना सांगितलं. का, ते सांगितलं नाही. तिने शब्द दिला होता. तेव्हा जो तो आपापल्या कोपऱ्यात जाऊन विचार करायला लागला. या घरात सगळ्यांनी एकाच वेळी एकमेकांना न सांगता काही ठरवलं, असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि म्हणूनच पुढचा प्रकार झाला.

मास्तर अडगळीच्या खोलीत जाऊन बसले. माई संध्याकाळी पाचव्या सुराला चुकणार, हे त्यांना दिसत होतं. ती चुकणार, बिचारीचा चेहरा पडणार, आणि मग संपलंच. सकाळी तिला थांबवायला त्यांचा गज वर जाणारच होता, पण तिच्याकडे बघून त्यांचा धीरच झाला नाही. ही रागावली तर? रडली तर? त्यापेक्षा, त्यांच्या मनात आलं, तिच्याआधी आपणच चुकलो तर? मास्तरही चुकतात हे तिने एकदा पाहिलं की तिला केवढा धीर येईल! कल्पना त्यांना इतकी आवडली की त्यांनी लगेच व्हायोलिन काढलं.

पण चुकायची सवय नव्हती. पहिल्यांदा त्यांनी चुकीच्या सुरावर बोट टाकलं, तर बोट आपसूक सरकून बरोबर जागी गेलं. दुसऱ्यांदा चूक झाली, पण ती इतकी भित्री होती की कुणाला चूक वाटली नसती. मास्तर चिडले. त्यांनी ती जागा संथ वाजवून घेतली, मग मध्यम, मग जलद. चूक जरा पुढेमागे झाली की ते स्वतःला थांबवत आणि पहिल्यापासून घेत. शेवटी जुन्या गाद्यांच्या आणि फुटक्या बादल्यांच्या साक्षीने ती चूक अशी काही घोटून बसली की तिच्यात काढायला खोट राहिली नाही. मास्तरांनी समाधानाने कपाळ पुसलं.

तिकडे गच्चीच्या जिन्यात आत्या बासरीतून एक चिरकी किंकाळी काढून बघत होती. कौतुकाने भागलं नाही, तर निदान वहिनींपेक्षा वाईट वाजवून दाखवावं, असं तिने ठरवलं होतं. चिरंजीवांनी मनाशी नक्की केलं, की आपण मध्येच एक ओळ गाळायची आणि गोंधळल्यासारखं करायचं. आणि सूनबाई, जिला या चौघांत शहाणी म्हणायची घरात पद्धत होती, तिनेही आरशासमोर केस विंचरताना ठरवून टाकलं, की आपण वाजवण्यात जरा उशिरा शिरायचं. आपण चुकलो तर माईंची चूक त्यात झाकली जाईल.

संध्याकाळी सभागृह भरलं. चिमुरड्यांनी बासऱ्या फुंकल्या, आत्या बाजूला उभी राहून वाहवा म्हणाली. मोठ्या मुलांनी पियानो बडवला, पालकांनी फोटो काढले. मग पडदा पडून परत उघडला आणि घरची पाच माणसं आपापल्या जागी बसली. मास्तरांच्या हनुवटीवर कापसाचे दोन बोळे चिकटलेले होते. माईंनी चेलो गुडघ्यांमध्ये धरला. आज शेवटचं, त्यांनी मनात म्हटलं, आणि गज तारेवर ठेवला.

पहिल्या दोन फेऱ्या त्यांच्या एकटीच्या होत्या. आठ सूर, आणि परत आठ सूर. सूर जागच्या जागी पडत होते. मग सूनबाई शिरायची होती. ती शिरली, ठरवल्याप्रमाणे उशिरा.

चिरंजीवांनी नेमकी तीच जागा निवडली होती. ते एक ओळ गाळून पुढे गेले. बायको मागे आणि आपण पुढे, हे कळताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आपली चूक खोटी, पण हिची खरी आहे, असं समजून ते तिच्यासाठी थांबले. तिला वाटलं, नवरा खरंच चुकला, म्हणून तिने त्याला गाठायला उडी मारली. ती पुढे गेली, ते मागे राहिले. त्याच वेळी आत्याने किंकाळी काढली. ती जिन्यात बरी वाटली होती. सभागृहात पहिल्या रांगेतलं एक बाळ दचकून रडायला लागलं. बहिणीला काहीतरी झालं या धसक्यात मास्तरांनी आपली घोटलेली चूक खणखणीत वाजवली आणि लगेच बहिणीला सांभाळायला तिच्या मागे गेले. दादाने चुकावं म्हणजे त्याची तब्येतच बिघडली असणार, असं वाटून आत्या त्याच्या मागे आली. दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत अडकलेल्या पाहुण्यांसारखी दोघांची गत झाली. आता खोटी चूक कुठली आणि खरी कुठली हे कुणालाच सांगता आलं नसतं.

माईंना पहिल्यांदा एकच वाटलं, की आपण चुकलो.

दुसरं काय वाटणार? समोर जन्मभर वाजवणारी चार माणसं, आणि इकडे आपण, या घरातली बहिरी. चौघं एकीकडे जातायत आणि आपण भलतीकडे, तर चुकतंय कोण, हे सांगायला का हवं? गज उचलावा, चेलो खाली ठेवावा आणि मागच्या दाराने निघून जावं, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच. पण चौथा सूर वाजून गेला होता आणि पाचवा समोर आला होता, आणि सूनबाईने सांगितलेलं आठवून त्यांनी बोट घाई न करता टाकलं. सूर लागला. त्यांनी तो ऐकला. तो बरोबर होता. सहावा बरोबर होता, सातवाही. मग त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून बाकीच्यांचं ऐकलं. पियानो कुठेतरी मागे धापा टाकत होता, दुसरं व्हायोलिन त्याला सोडून पुढे गेलं होतं, आणि मास्तर... मास्तर काय वाजवत होते ते देवच जाणे.

आपलं बरोबर आहे, या विचाराने माईंना चुकण्यापेक्षा जास्त भीती वाटली. खात्री करायला त्यांनी आणखी एक पूर्ण फेरी वाजवली. आठही सूर बरोबर होते. तेव्हा त्यांचा गज वर गेला.

"थांबा."

सगळं थांबलं. बाळसुद्धा थांबलं.

"चौघंही चुकताय तुम्ही," माई म्हणाल्या.

"माई," चिरंजीव पियानोआडून कुजबुजले, "लोक बसलेत समोर."

"भोपळे आहेत ते. तू ओळ गाळलीस, आणि मग रस्त्यात बायकोची वाट बघत बसलास. सूनबाई, तू उशिरा आलीस. मला शिकवतेस आणि स्वतः काय करतेस? वन्सं, ती किंकाळी कसली? पोर रडलं ना ते. आणि अहो, तुम्ही!" माई मास्तरांकडे वळल्या. "तो सूर तिथे नाहीच आहे. कुठून आणलात?"

मास्तरांना उभ्या आयुष्यात कुणी थांबवलं नव्हतं. अगं, ते मुद्दाम होतं, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. त्याच क्षणी आत्याने उघडलं, चिरंजीवांनीही उघडलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चौघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. आत्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मास्तरांनी तोंड मिटलं आणि मग ते म्हणाले, "चुकलो."

"मग पहिल्यापासून. मी दोन फेऱ्या वाजवते. नीट ऐका, मगच या."

आणि सगळे नीट ऐकून मगच आले. कुणाची चुकायची छाती नव्हती. मास्तरांचं व्हायोलिन त्या आठ सुरांवर असं निर्धास्त फिरायला लागलं, की सूनबाईने मान वळवून पाहिलं. असं वाजवताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पियानो माईंच्या पावलाने चालत होता. माईंना आनंद झाला. चौथा सूर तर इतका भरून लागला की त्यांना एकदम हसू आलं, आणि त्या हसण्यात पाचवा घसरला.

आत्याने ऐकलं आणि जास्तच गोड वाजवून तो झाकायला घेतला. चिरंजीवांनीही ऐकलं आणि पुढे चालू ठेवलं. तेवढ्यात मास्तरांचा गज वर गेला.

"पाचवा उतरला," मास्तर म्हणाले. "बोट घाईने पडलं."

मास्तर त्या क्षणी विसरूनच गेले होते, की समोर लोक आहेत आणि चेलोमागे बसलेली आपली बायको आहे. त्यांना फक्त एक चेलो ऐकू आला होता, त्यातला एक सूर उतरला होता. मग त्यांना आठवलं, आणि कापसाच्या बोळ्यांखाली त्यांचा चेहरा पांढरा पडला. आत्याने डोळे मिटून घेतले. या इमारतीत बाथरूम कुठे आहे, याचा चिरंजीव विचार करायला लागले.

माई मास्तरांकडे बघत राहिल्या.

"मला थांबवलंत?"

"हो," मास्तर घाबरत म्हणाले. पण खोटं बोलणं त्यांना जमेना. "उतरलाच होता गं."

"उतरलाच होता!" माई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू पसरलं होतं, लग्नाच्या फोटोत आहे तेवढं. "त्याचं माझं काहीतरी वाकडंच आहे. सूनबाई, उद्या लवकर उठ गं, तो सूर आपण घोटून काढू. हं, घ्या आता पहिल्यापासून."

त्यांनी गज ठेवला आणि पहिला सूर लावला. सूनबाईने तो "उद्या" ऐकला होता. दोन फेऱ्या झाल्या, तिची शिरायची वेळ आली, भरल्या डोळ्यांनी तिला समोरचं काही दिसेना, आणि या वेळी तिचा सूर खरोखरच चुकला.